वंशावळीचा कागद नसेल, तर 'पर्शियन' म्हणून पैसे का मोजावेत?

मृण्मयी, पुणे

लांब केसांचे 'पर्शियन' जातीचे मांजर विकत घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच फोनवर 'डॉल फेस हवे, सेमी पंच की पंच?' असे विचारले जाते (म्हणजे चेहरा किती चपटा हवा), आणि चेहरा जितका चपटा तितका भाव चढा, हेही लगोलग कळते. पिल्लाचे आई-बाप कोण आणि त्यांची नोंद कुठे आहे, हे मात्र आपणच विचारावे लागते, आणि विचारले की 'प्युअर आहे ताई, फर बघा ना' एवढेच उत्तर मिळते. वास्तविक लांब केस हा अप्रभावी गुण आहे. आखूड केसांच्या दोन मांजरांच्या पोटीही लांब केसांचे पिल्लू जन्मू शकते, त्यामुळे फर बघून जात ठरत नाही. रंगाचेही तसेच. 'ट्राय कलर' म्हणून जादा पैसे मागतात, पण नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, एवढाच त्याचा अर्थ. गल्लीतल्या मांजरींतही तो रंग सर्रास दिसतो.

जात ठरते ती नोंदीने. अमेरिकेतील कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन, म्हणजे सीएफए, १९०६ पासून आणि ब्रिटनमधील गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी १९१० पासून कार्यरत आहे. अशा संस्थेच्या नोंदवहीत पिल्लाच्या मागच्या पिढ्या नावानिशी सापडत नसतील, तर त्याला पर्शियन म्हणून दाम मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. (पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठी परवाना आणला, त्याची वंशावळीशी गल्लत करू नये. तो मांजर पाळण्याचा परवाना आहे, कुळाचा दाखला नव्हे.)

श्रीनिवास

मृण्मयीताई, मुळात जातीचा हा अट्टहास कशासाठी? लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वियर यांनी १८७१ साली मांजरांचे प्रदर्शन भरवले, आणि आजच्या बहुतेक जाती त्यानंतरच्या हौसेतून घडल्या. नाव पर्शियन असले, तरी आजच्या पर्शियन मांजरांचे जनुकीय नाते इराणपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांशी अधिक जवळचे निघाले आहे.

आणि कागदाचीच गोष्ट काढली आहे, तर स्कॉटिश फोल्ड घ्या. स्कॉटलंडमधल्या एका शेतावर १९६१ साली सापडलेल्या सूझी नावाच्या मांजरीपासून ही जात निघाली. तिचे दुमडलेले कान सर्वांना गोंडस वाटतात, पण कान दुमडणारे जनुक सगळ्या शरीरातील कूर्चा बिघडवते; शेपूट ताठरते, पाय जाडजूड होतात, उडी मारणे त्रासाचे होते. ब्रिटिश संस्थेने या जातीची नोंदणी थांबवली, तर अमेरिकी संस्थेने तिला मान्यता दिली. म्हणजे तेच दुखणे एका वहीत नाकारलेले आणि दुसऱ्या वहीत प्रमाणित! असला कागद फ्रेम करून लावावा की काय?

पशुवैद्य, नागपूर

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दवाखान्यात अडते ते तिसऱ्याच ठिकाणी. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी वाढण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि तो प्रभावी जनुकाचा असल्यामुळे आई-बापांपैकी एकालाच असला, तरी सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. बाधित मांजर कित्येक वर्षे धडधाकट दिसते, त्यामुळे तोवर त्याची पिल्लेही विकली जातात. या आजाराचे जनुक २००४ मध्ये सापडले, आणि आता गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर कोणत्याही वयात चाचणी होते. वंशावळीच्या कागदावर हे काही लिहिलेले नसते. तेव्हा आधी आई-बाप दोघांचा अहवाल मागावा, कागद नंतर.

चपट्या चेहऱ्याविषयीही लिहितो. नाक डोळ्यांच्या रेषेत गेलेल्या 'पंच' मांजराच्या डोळ्यांतून सतत पाणी गळते, नाकाशेजारच्या घडीत तपकिरी ओघळ साचतो, आणि तो रोज ओल्या कापसाने पुसला नाही, तर खाली कातडी सोलवटते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा अशी मांजरे तोंड उघडून धापा टाकत टेबलावर येतात. ज्यांच्या घरी दिवसभर कूलर चालणार नाही, त्यांनी हा चेहरा निवडूच नये.

मृण्मयी, पुणे

अहवाल मागावा हे मान्य. परंतु एखादा बोका बाधित निघाला, तर त्याची बाकीची पिल्ले कुणाकडे आहेत, हे कसे शोधणार? नोंद असेल तरच ना? ब्रिटिश शॉर्टहेअर या आखूड केसांच्या जातीत 'बी' रक्तगट बऱ्यापैकी आढळतो, आणि 'बी' गटाच्या आईचे पहिले दूध प्यायल्यामुळे 'ए' गटाची पिल्ले दगावू शकतात. जोडी लावण्यापूर्वी रक्तगट तपासण्याची शिस्त नोंदी ठेवणाऱ्या प्रजनकांनीच रुजवली आहे. श्रीनिवासजींचे स्कॉटिश फोल्डचे उदाहरण बिनतोड आहे, पण त्यावरून वाईट जात वाईट ठरते, वही नव्हे.

रझिया, कोल्हापूर

ताई, मी घरीच पर्शियनची पिल्ले वाढवते आणि माझ्याकडे कागद नाही. कागदाचे मांजर पाळण्यापुरते मिळते, पण पुढे पिल्ले नोंदवण्याच्या हक्कासकट आणायचे, तर परदेशातून मागवण्याचा खर्च माझ्यासारखीला झेपत नाही. म्हणून मी खोटे बोलते, असे होत नाही. कागद नाही हे गिऱ्हाइकाला आधीच सांगते आणि भावही तसाच लावते. खरी अडचण वेगळीच आहे. पेट शॉपसाठीच्या २०१८ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला मनाई केली आहे, मी तर बारा आठवडे आईजवळच ठेवते. पण लोकांना तळहातावर मावणारेच हवे असते, आणि नाही म्हटले की ते दुसरीकडे जातात.

श्रीनिवास

मग जाहिरातीत 'पर्शियन' न लिहिता 'लांब केसांचे घरगुती मांजर' असे लिहावे, म्हणजे वादच मिटतो.

रझिया, कोल्हापूर

लिहून पाहिले होते, भाऊ. एकही फोन आला नाही. मात्र बोका आणि मांजरी दोन्ही घरातच आहेत. डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी दोघांचीही करून घेते, आणि पुढच्या विणीपासून त्याचा खर्च पिल्लाच्या किमतीत धरणार आहे. तेवढे जास्त द्यायला किती जण तयार होतात, ते तेव्हाच दिसेल.