कास्क स्ट्रेंथ माल्ट व्हिस्कीमध्ये पाणी घालणं पाप आहे का?

दादरचा दर्दी:
परवा पार्ल्यात मित्राकडे अमृत व्हिस्कीची कास्क स्ट्रेंथ उघडली, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली. ६१.८ टक्के अल्कोहोल. मी चमचाभर पाणी मागितलं, तर दोघं असे बघायला लागले की जणू आमरसात मीठ मागितलं. माझं मत सरळ आहे: साठ टक्क्यांची व्हिस्की बिनपाण्याची पिऊन जो तिच्या चवीवर निकाल देतो, त्याच्या निकालाला अर्थ नाही. जीभ बधिर झाल्यावर कळणार काय? खुद्द ब्लेंडर लोक, म्हणजे व्हिस्क्यांचं मिश्रण जुळवणारे, नमुने २० टक्क्यांच्या आसपास आणून हुंगतात, ते काय येडे?

गिरगावचा गडी:
ते हुंगतात कामासाठी, दोष सापडावा म्हणून. आपण बसतो मजेसाठी. पाणीच ओतायचं तर ४२.८ टक्क्यांची नेहमीची बाटली घ्या की राव, पैसे तरी वाचतील.

दादरचा दर्दी:
नाही वाचत. कास्क स्ट्रेंथ सहसा चिल-फिल्टर, म्हणजे थंड करून गाळत नाहीत, त्यामुळे तेलकट अंश आत राहतात. पाणी घातल्यावर किंचित गढूळ होते ना, ती त्यांचीच करामत. शिवाय पाणी किती, हे कंपनी नाही, मी ठरवतो. साठ टक्क्यांच्या ३० मिलीत १० मिली पाणी घातलं की ४५ वर येते. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी मांडलंय: धुरकट वासाचा ग्वायकॉल हा रेणू ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉलच्या (अल्कोहोलच्या) रेणूंत गुरफटून राहतो, ४५ च्या खाली पृष्ठभागाशी येतो.

माटुंग्याची मैना:
तो अभ्यास संगणकावरचा, आणि एकाच रेणूचा. तेवढ्यावर अख्ख्या ग्लासाचा फैसला नको. माझ्या मते दोघंही घाई करताय. आधी ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि वास घ्या. नाक आत खुपसलं की फक्त झणका बसतो. मग चमच्याच्या टोकाएवढा घोट, बिनपाण्याचाच. त्यानंतर थेंब थेंब पाणी. आधी मूळ रूप पाहिलंच नाही, तर पाण्याने काय उलगडलं हे कसं सांगणार? आणि कृपया शेजारी बोंबील तळू नका.

ठाण्याचा तात्या:
पुस्तकी गप्पा. ऑक्टोबर हिटमध्ये, एसी नसलेल्या खोलीत, ग्लासातून नुसती अल्कोहोलची वाफ येते. एक मोठा बर्फाचा खडा टाका, विषय संपला.

माटुंग्याची मैना:
तात्या, थंडीने वासच दबतो. प्यायला बर्फ घाला, परीक्षा करायला नको. बाटली आधी थोडी गार करून घेतली तरी चालेल. आणि पाणी नळाचं थेट नको, पावसाळ्यात क्लोरीनचा वास येतो.

गिरगावचा गडी:
मैनाताईंचा पहिला घोट मान्य, कारण तो बिनपाण्याचा आहे! बाकी थेंब तुम्हाला लखलाभ.

दादरचा दर्दी:
लखलाभ तर लखलाभ. पण गडीबुवा, साठ टक्क्यांचे ६० मिली म्हणजे तुमच्या त्या ४२.८ वाल्या बाटलीचे ८४ मिली. बिनपाण्याचे दोन पेग मारून वर तिसऱ्यावर समीक्षा लिहिणार असाल, तर ती सकाळी टाका.