विषय: मेतकूट संपलं

प्लिमथहून, मंगळवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी,

मी ऑगस्टमध्ये इथे मिनेसोटात आलो. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीत टाळ भलत्याच ठेक्यात वाजवत होता तो मीच. तीन दिवस ताप होता, आज उतरलाय, पण तोंडाला चव म्हणून नाही. आईने बॅगेत कोंबलेली मेतकुटाची पिशवी आज उलटी करून झटकली, तेव्हा कसंबसं चमचाभर निघालं. इंडियन ग्रोसरीत विचारलं तर तिथल्या मुलाने मेथीची पूड काढून दिली.

आईला फोन केला. तिचं माप असं: "डाळ घे अंदाजाने, तांदूळ त्याच्या निम्मे, मेथ्या नावाला. वास सुटला की उतरव." कसला वास, ते काही सांगितलं नाही.

तर दोन प्रश्न. मेतकुटाचं वाटी-चमच्यातलं माप कुणी देईल का? आणि मऊ भाताला तांदूळ कुठला वापरता? माझ्याकडे बासमती आहे. कितीही पाणी घातलं तरी दाणे एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

रोचेस्टरहून, बुधवार, सकाळी ६.४०

अरे, ताप होता तर तेव्हाच नाही का सांगायचं? तुझ्या अर्ध्या तासावर मंडळाची निदान वीस घरं आहेत. असो.

आधी तांदूळ. बासमती ठेवून दे पुलावाला. कोरियन नाहीतर साध्या अमेरिकन दुकानातूनही 'कॅलरोज' आण. कॅलिफोर्नियातला मध्यम दाण्याचा तांदूळ आहे, १९४८ पासून तिथे पिकतो. आंबेमोहोराचा वास त्याला नाही, पण चिकटपणा आहे आणि मऊ भाताला तोच लागतो. १ वाटी तांदळाला ५ वाट्या पाणी, मीठ आणि अर्धा चमचा तूप. शिजल्यावर डावाने घोटायचा. पळीवरून सरकन घसरला पाहिजे, पण ताटात पसरता कामा नये. आणि उत्साहाच्या भरात वाइल्ड राइसचा मऊ भात करायला जाऊ नकोस. मिनेसोटाचं १९७७ पासूनचं राज्यधान्य आहे, इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांचं पूर्वापार अन्न आहे, सूपमध्ये मलाही आवडतो. पण तो पाऊण तास शिजून फुटतो, मऊ होत नाही. मी करून बसलेय.

आता मेतकूट.

हरभऱ्याची डाळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ अर्धी, गहू पाव वाटी. धणे २ चमचे, जिरे १ चमचा, मोहरी अर्धा, मेथ्या अर्धा (चमचा म्हणजे चहाचा, पोह्यांचा नव्हे). सात-आठ मिरे, दोन सुक्या मिरच्या, सुंठ पूड अर्धा चमचा, हळद १ चमचा, हिंग पाव चमचा, चिमूटभर जायफळ.

सगळं वेगवेगळं, कोरडं आणि मंद आचेवर भाजायचं. एकत्र टाकलंस तर तांदूळ फुलेपर्यंत जिरे जळतात आणि हरभऱ्याची डाळ आतून कच्चीच राहते. डाळीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. एक दाणा दाताखाली फोडून बघ, कट्कन तुटला आणि पिठूळ लागला नाही की झाली. तुझी आई म्हणते तो वास हाच. फुटाण्याच्या गाडीजवळून जाताना येतो ना, अगदी तस्सा. इथल्या कॉइलच्या शेगडीवर एक गोष्ट ध्यानात ठेव: बटण बंद केलं तरी कॉइल पाच मिनिटं तापलेलीच असते. भांडं उचलून बाजूला ठेवायचं, नाहीतर शेवटच्या मिनिटात सगळं करपतं. मेथ्या फक्त रंग बदलेपर्यंत. हळद, हिंग, सुंठ शेवटी, भांड्याच्या उरलेल्या उष्णतेवर.

पूर्ण गार झाल्यावरच दळायचं. कॉफी ग्राइंडर चालतो, पण तो मसाल्याचाच वेगळा ठेव. मग बारीक चाळणीने चाळून घे. वर राहिलेला रवा पुन्हा फिरव.

आणि तूप विकतचं नको. एक पाइंट हेवी क्रीमला चमचाभर दही लावून रात्रभर ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन बंद, नुसता दिवा चालू. सकाळी मिक्सरमध्ये गार पाणी घालून फिरव. वर लोणी येईल ते धुऊन कढव. बाजारचं बटर कढवून तूप होतं, पण त्या क्रीमला विरजण लागलेलं नसतं, म्हणून त्याला तो वास येत नाही.

ईडन प्रेरीहून, बुधवार, दुपारी १२.१५

काकू, एकदम फर्स्ट क्लास. पण मी नागपूरचा, थोडा निषेध नोंदवतो. आजारी माणसाला मेतकूट-भात ठीक आहे बाप्पा, बरा झाल्यावर त्याने काय खायचं? तोंडाला चव आणायची तर गोळाभात पाहिजे.

हरभऱ्याची डाळ ४ तास भिजवून पाणी न घालता भरड वाटायची. मूठभर तुरीची डाळ सोबत असली तर गोळे हलके होतात. तिखट, हळद, जिरे, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. लिंबाएवढे गोळे. भाताचं पाणी आटत आलं, वर भोकं पडायला लागली की गोळे भातावर ठेवायचे, झाकण घट्ट लावून एकदम बारीक आचेवर १५ मिनिटं. इथपर्यंत कुणीही करेल.

खरी गोष्ट तेलाची आहे. ताटात भात, त्यावर गोळा कुस्करायचा आणि वरून मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी गरम-गरम ओतायची. चमचाभर नाही, पळीभर. आमच्याकडे पाहुणा तेल नको म्हणाला तर आजी त्याची तब्येत विचारायची. इथे माझे डॉक्टर विचारतात.

ब्लूमिंग्टनहून, बुधवार, संध्याकाळी ५.५०

भाऊ, तुमच्या फोडणीने आमच्या अपार्टमेंटात फायर ट्रक येईल. इथे नुसत्या जिऱ्याला धुराचा अलार्म बोंबलतो. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना अलार्म वाजला की "जेवण झालं" म्हणून ताट घेऊन बसायचा.

मी साताऱ्याची, त्यामुळे माझं मत चकोल्यांना. कुणी वरणफळं म्हणतात. रविवारी संध्याकाळी, बाहेर बर्फ, दुसऱ्या दिवशी ऑफिस, अशा वेळी एका भांड्यात होणारं दुसरं काही मला सुचत नाही. तुरीचं वरण फोडणीला टाकायचं, गूळ, आमसूल, गोडा मसाला, भरपूर पाणी. खळखळ उकळी आली की कणकेच्या लाटलेल्या पोळीच्या शंकरपाळ्या त्यात एकेक सोडायच्या. एकदम सोडल्या तर त्यांची गाठोडी होतात.

इथल्या दोन अडचणी सांगते, कारण मला कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, इथे मिळणाऱ्या आट्याच्या पिशवीमागे बघा, बऱ्याचदा 'ड्युरम' (कडक जातीचा गहू) लिहिलेलं असतं. ते पीठ पाणी जास्त पितं आणि शिजायलाही वेळ घेतं. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा, आणि वरण तुम्हाला वाटतं त्याच्या दीडपट पातळ ठेवा. दुसरी, इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर. त्यातला दाब आपल्या शिटीच्या कुकरपेक्षा कमी असतो, त्यामुळे "तीन शिट्ट्या" हे माप तिथे लागू नाही. भिजवलेली तूरडाळ मी १२ मिनिटं लावते, वर दाब आपोआप उतरेपर्यंत हात लावत नाही. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या भांड्यासमोर शिटीची वाट बघत अर्धा तास बसल्या होत्या.

खजिनदार, गुरुवार, सकाळी ९.०५

मंडळी,

धागा छान रंगलाय, पण एक कामाचं. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी केटररचं कोटेशन आलंय: छोले, पनीर, जिरा राइस, गुलाबजाम. दरवर्षी हेच. संक्रांतीला छोले का, हे मला आजवर कळलेलं नाही. वरच्या मेल वाचून वाटलं, या वर्षी तिळगूळ आहेच, जेवण घरचं साधं करू: पिठलं, भात, भाकरी जमली तर, ठेचा, ताक. साधारण ७० माणसं होतील.

हॉलचे नियम: शिजवायचं नाही, फक्त गरम करायचं. आणि गेल्या वर्षीची आठवण. चहाचा मोठा अर्न आणि दोन राइस कुकर एकाच सॉकेटला लावले आणि नाट्यगीताच्या ऐन तानेला अंधार झाला. एका १५ अँपिअरच्या लाइनवर १८०० वॉट, त्यापुढे नाही. अर्न एकटाच १५०० खातो. स्लो कुकर २५०-३०० चा, ते तीन-चार एकत्र चालतील.

काकू, ७० माणसांचं पिठलं किती लागेल?

ता. क. भारतातून येणाऱ्यांनी कढीपत्ता आणू नये. ताज्या पानांना बंदी आहे, त्यांच्यावरून येणाऱ्या किडीने इथल्या संत्र्या-लिंबांना रोग लागतो. ग्रोसरीत मिळतो तो घ्यावा.

रोचेस्टरहून, गुरुवार, दुपारी २.३०

एक वाटी बेसन चौघांना. ७० माणसांना १८ वाट्या धरा, म्हणजे दीड किलोच्या आत. चार पौंडांची एक पिशवी आणली की उरेल. पाणी घरी मी तिप्पट घालते, पण इथे चौपट हवं, आणि कारण हवामान आहे. पिठलं गाडीत बसलं की घट्ट होतं. उणे १० फॅरनहाइटमध्ये पार्किंगपासून हॉलपर्यंत नेलं की त्याच्या वड्या पडतात. एका वर्षी एका वहिनींनी हौसेने पातेलं आणलं होतं, ते शेवटी आम्ही सुरीने कापून वाढलं. तेव्हा घरून पातळ, जवळजवळ कढीसारखं न्यायचं, आणि सोबत थर्मासमध्ये उकळतं पाणी. पाणी गारच ओतलं तर पिठल्याला कच्चट चव येते.

एकाने सगळं करू नये. सहा क्वार्टाचे तीन स्लो कुकर, तीन घरं, प्रत्येकी ६ वाट्या बेसन. बेसन आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग फोडणीच्या उकळत्या पाण्यात धार धरायची आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. वरून पेरायचं तंत्र चार माणसांच्या कढईला शोभतं. स्लो कुकर 'वॉर्म'वर ठेवा, 'हाय'वर नको, तळाला लागतं. लसूण-मिरचीचं तेल वेगळ्या बरणीत आणा, वाढताना वरून घाला. नागपूरकरांसाठी दोन बरण्या.

भाकरीच्या नादाला कुणी लागू नये. ७० माणसांच्या गार भाकऱ्या दाताने तोडायच्या म्हणजे कार्यक्रमानंतर डेंटिस्ट लागेल.

प्लिमथहून, शुक्रवार, रात्री १०.२०

काकू, केलं. दोन वेळा अलार्म वाजला, खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, तिला फुटाण्याचा वास आवडला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती म्हणाली, "रंग असा का?" तेव्हा कळलं, हळद राहिली. शिवाय चमचा चहाचा सांगितला होतात, माझ्याकडे चहाचा चमचाच नाही, सूपचा घेतला. कडू झालंय. फेकू का?

रोचेस्टरहून, शुक्रवार, रात्री १०.४५

फेकायचं नाही. हळद चमचाभर कोरडीच मंद आचेवर गरम कर, गार झाली की मिसळ. कच्ची घालू नकोस, उग्र लागते. मेथी काढता येत नाही, माल वाढवता येतो. सूपचा चमचा म्हणजे चहाचे तीन, तेव्हा मेथी तिप्पट झालीय. तेवढ्याच डाळी, गहू आणि तांदूळ पुन्हा भाज, या वेळी मेथ्यांशिवाय, आणि दोन्ही एकत्र चाळ. कडूपणा निम्मा होईल, उरलेला तुपात जिरेल. चार महिन्यांची बेगमी झाली असं समज. निम्मं हॉलवर घेऊन ये, मी डबा आणते.

खजिनदार, शनिवार, सकाळी ७.५०

यादी बघतोय. पिठल्यासाठी तीन घरं हवी होती, नावं आलीत अकरा. ठेचा सहा, ताक चार, गोळाभात एक (तेलासहित). तिळगूळ भरपूर.

भातासमोर एकही नाव नाही. दहा पौंड तांदूळ लागेल. कॅलरोज चालेल. कुणी आहे का?