करेलिन की लोपेझ? पदकं मोजून विषय संपत नाही

उलटी_उचल:
"पाच ऑलिंपिक सुवर्णं जिंकून मिखाईन लोपेझने करेलिनचा विषय संपवला." सकाळपासून ही एकच पोस्ट फिरतेय. दोघंही ग्रेको-रोमन कुस्तीतले सर्वात वजनदार गटाचे मल्ल: करेलिन रशियाचा, लोपेझ क्युबाचा. हिशोबच मांडायचा तर पूर्ण मांडा. करेलिनची सुवर्णं तीन (१९८८, ९२, ९६), पण जागतिक अजिंक्यपदं नऊ. लोपेझची जागतिक अजिंक्यपदं पाचच; २००६ ला रशियाच्या बारोएवकडून आणि २०११, २०१५ ला तुर्कीच्या कायालपकडून तो त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरला. करेलिन १३ वर्षं आंतरराष्ट्रीय मॅटवर हरलाच नव्हता.

पंचाची_शिट्टी:
आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिक फायनलमध्ये करेलिन अमेरिकेच्या गार्डनरकडून १-० ने हरला, ते सोयीस्कर विसरलात? लोपेझ बीजिंगपासून पॅरिसपर्यंत एकही ऑलिंपिक फायनल हरलेला नाही. टोकियोत तर एक गुणही दिला नाही. पॅरिसला वय ४१, फायनलमध्ये चिलीच्या आकोस्टाला ६-०, आणि बूट काढून मॅटवर ठेवले.

उलटी_उचल:
सिडनीचा गुण डावाचा नव्हता, नियमाचा होता. पहिला राउंड कोरा गेला की दुसरा क्लिंचमधून, म्हणजे दोघांनी एकमेकांना मिठीत पकडून, सुरू. ज्याची पकड आधी सुटेल त्याच्या प्रतिस्पर्ध्याला गुण. करेलिनचे हात क्षणभर सुटले, व्हिडिओ पाहून गुण दिला. याला कुस्ती म्हणायचं?

पंचाची_शिट्टी:
१९९६ च्या अटलांटा फायनलमध्ये करेलिनने अमेरिकेच्या गफारीला १-० नेच हरवलं. तेव्हा एक गुण गोड लागला का? नियमांचंच रडायचं तर लोपेझची पहिली दोन सुवर्णं १२० किलोत, दोन-दोन मिनिटांच्या तीन राउंडच्या काळातली. नंतरची तीन १३० किलोत, राउंड वेगळे न धरता सगळ्या लढतीचे गुण एकत्र मोजण्याच्या काळातली. पद्धत बदलली, माणूस तोच जिंकला.

मॅटची_कड:
ते दोघं राहू द्या. आता उलटी उचल, म्हणजे पालथ्या मल्लाला कमरेतून उचलून फेकायचा करेलिनचा डाव, दिसतच नाही, त्याचं काय? पॅसिव्हिटीला, म्हणजे कोणी निष्क्रिय खेळला तर, समोरच्याला १ गुण आणि शिवाय त्या निष्क्रिय मल्लाला मॅटवर पालथं घालतात. मग लोक 'गट रेंच' (कमरेला मिठी मारून मॅटवरच लोळवणं) फिरवून २ गुण घेतात आणि आघाडी सांभाळत बसतात. उचलायला कोण जातंय?

उलटी_उचल:
कारण येत नाही, म्हणून! समोरचा पालथा पडलेला. तुम्ही बाजूने येऊन, तोंड त्याच्या पायांकडे ठेवून कमरेला मिठी मारायची. छाती आणि पाठ यांत फट राहिली की तो वळलाच. आधी अंगाकडे ओढून त्याची कंबर मॅटवरून सोडवायची, गुडघा आत सारायचा, मग तळवे रोवून मांड्यांच्या जोरावर उठायचं. नुसत्या पाठीने ओढलंत तर उचल अर्ध्यावर अडकते. शेवटी कमान टाकून (पाठ मागे वाकवून) फिरवायचं, नाहीतर आपणच खाली सापडतो.

मॅटची_कड:
मुख्य गोष्ट राहिलीच. हात बरगड्यांवर सरकले की त्याच्या ढुंगणाचं वजन खाली लोंबतं आणि उचल मेली. मिठी बेंबीखालीच हवी. आणि खालचा काय झोपून राहतो? ओटीपोट मॅटला दाबतो, पाय फाकवतो, कडेकडे सरपटतो.

उलटी_उचल:
बेंबीखाली हे मलाच शिकवताय?

मॅटची_कड:
लिहिलं नव्हतंत, म्हणून सांगितलं. रागावण्यासारखं काय आहे त्यात?

पंचाची_शिट्टी:
पुरावा म्हणून सोलची १९८८ ची फायनल पाहा. बल्गेरियाच्या गेरोव्स्कीसमोर करेलिन मागे होता, शेवटच्या क्षणांत हीच उचल मारून जिंकला. बघा, तुमच्या बाजूचं उदाहरणही मीच देतोय.

उलटी_उचल:
आभारी आहे. १३० किलोंच्या वजनगटात हे करणारा दुसरा दाखवा, मग पाच-तीनचं बोलू.

पंचाची_शिट्टी:
दाखवत नाही. उचलीत करेलिन. घ्या. पण पोस्ट उचलीवर नव्हती, सुवर्णांवर होती, आणि तिथे ५ हे ३ पेक्षा जास्तच राहणार, तुम्ही कितीही कमान टाका.