मदत हवी आहे: खचलेल्या तरुणाला वचनातून काय शिकवू?

सर्वांना प्रभूत सलाम. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शुक्रवारी तरुणांचा बायबल अभ्यास घेतो. सहा-सात जण येतात. त्यातल्या एकाचं सोयाबीन सलग दुसऱ्या वर्षी पाण्यात गेलं आणि दिवाळीनंतर वडिलांना लकवा मारला. वर कुणीतरी त्याला सांगितलं, "तुझा विश्वास कमी पडला." तेव्हापासून तो येतो, पण मागच्या भिंतीला टेकून बसतो, बायबल उघडतच नाही. मला हे बोलणं फार लागलं. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, देवाला तीनदा विनवूनही निघाला नाही. मग त्याचाही विश्वास कमी होता का?

ब्राह्मण घरातल्या आणि पुढे जालन्यात ख्रिस्ती सेवा केलेल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, तर कोर्टाने मिशनऱ्यांकडून काढून वडिलांच्या ताब्यात दिलं. पुढे याच शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. हे त्याला सांगावंसं वाटतं, पण ओल्या जखमेवर उपदेश नको.

बायबलमधलं आधी ईयोबाचं पुस्तक घ्यावं की पेत्राचं पहिलं पत्र? दोन्हींत दुःख सोसण्याबद्दल आहे. की सध्या नुसतं त्याच्या बांधावर जाऊन बसावं? अशा वेळी कुणाला सोबत केली असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. शुक्रवारच्या आत कळलं तर बरं होईल.