द्राक्षबागेतील छोट्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरावे का?

निफाडचा बागायतदार:
गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, परतीचा पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने ओल्या काळ्या रानातही ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या जोरावर औषध फवारणारे यंत्र, न्यावाच लागतो. 600 लिटरच्या टाकीत नुसते पाणीच 600 किलोचे असते, आणि चाक जागीच फिरू लागले की वजन वाढून पकड यावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझा त्याला विरोध आहे. बागेत ओळी ठरलेल्या असल्यामुळे चाके वर्षभर त्याच दोन चाकोऱ्यांतून जातात, आणि टायरमधले वजन गरज नसतानाही मुळांशेजारची माती दाबत राहते. त्यापेक्षा टाकी अर्धी भरावी. ओळींतल्या फेऱ्या वाढत नाहीत, फक्त पाणी भरायला जास्त वेळा यावे लागते.

दिंडोरीकर:
दादा, पहाटेची फवारणी ऊन चढण्याआधी उरकायची असते, तेव्हा त्या जास्तीच्या खेपा परवडत नाहीत. शिवाय घसरणारे चाकही मातीचे नुकसानच करते. शेतात दहा-पंधरा टक्के घसरण चालते. त्यापुढे टायरची नक्षी माती खरवडून वरचा थर लिंपल्यासारखा गुळगुळीत करते. आमच्या उताराच्या मुरमाड रानात तर भरलेली टाकी हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि ब्रेक लावूनही चाके सरकतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून तिथपर्यंत पाणी भरले, म्हणजे सुमारे 75 टक्के, की वरची हवा धक्का सोसते. खर्च जवळपास शून्य.

निफाडचा बागायतदार:
उताराचे म्हणणे मला पटते. मुरमाड जमिनीत पकड घर्षणातून येत असल्याने वजन वाढवले की पकडही वाढते. ओल्या चिकण मातीत मात्र ती टायर किती जागेवर टेकतो यावर अधिक अवलंबून असते. तिथे वजनाने चाक फक्त खोल रुतते. म्हणून काळ्या रानात उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत हवा कमी करणे आणि चारही चाकांची ओढ वापरणे हेच योग्य. उतारासाठीसुद्धा मी लोखंडी वजनेच घेईन, कारण ती हंगाम संपल्यावर काढून ठेवता येतात.

दिंडोरीकर:
काढता येतात हे खरे, पण काढतो कोण? आमच्या भागात एकदा चढवलेली वजने टायर बदलेपर्यंत तशीच असतात.

ओझरचा मेकॅनिक:
आपण दोघेही मागच्याच चाकांवर अडून बसला आहात. ब्लोअर ओढता नसून ट्रॅक्टरवर बसवलेला असेल, तर पुढचा भाग हलका होऊन स्टिअरिंग सुटते. तिथे वजन पुढे हवे, आणि मागच्या टायरमधल्या पाण्याचा त्यासाठी काहीही उपयोग नाही. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या टायरांच्या मापाचे प्रमाण ठरलेले असते, त्यामुळे एकाच बाजूचे माप बदलले तर गिअरवर ताण येतो. इगतपुरीकडे भाताच्या चिखलणीला लावतात ती केज व्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्यासारखी चाके, बागेत आणण्याचा विचारही करू नये, कारण ओळींमध्ये तेवढी जागाच नसते. आणि डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकाच वेगाने फिरवणारी सोय) रुतल्यावर नव्हे, रुतण्याआधी सरळ ओळीत लावावा व वळणापूर्वी काढावा. माझ्या मते दिंडोरीकरांनी पाणी जरूर भरावे, निफाडकरांनी भरू नये. मात्र अर्ध्या टाकीचा उपाय मलाही गैरसोयीचाच वाटतो.