कीपॅड फोनवर ७० जागांत फवारणीचा निरोप कसा बसवायचा?

बागेतली_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. आमच्या शेतकरी गटाचे पाऊस, रोग, फवारणी यांचे निरोप पाठवायचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांची चिंता नाही, त्यांना फोटोसकट सगळं जातं. पण गटातले ६३ जण कीपॅड फोनवाले आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे, आणि पहाटे बागेत उतरून पानं उलटी करून बघणारेही तेच. त्यांना एसएमएस हाच आधार.

मागच्या आठवड्यात जे झालं त्यामुळे झोप उडाली आहे. मी हा निरोप पाठवला:

«नमस्कार शेतकरी बंधूंनो, पावसाची शक्यता असल्याने आज बागेत फवारणी करू नका»

आमच्या एका काकांच्या जुन्या फोनवर एवढंच आलं: «...आज बागेत फवारणी करू». पुढचं «नका» वेगळा निरोप होऊन संध्याकाळी पोचलं. काकांनी सकाळीच फवारणी उरकली, दुपारी पाऊस आला, औषध धुऊन गेलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांच्या घरी जाऊन चहा प्यायले तेव्हा मान वर होत नव्हती.

दुसरी अडचण अशी, की सगळ्यांना एकच निरोप चालत नाही. आमच्याकडे छाटण्या सप्टेंबरपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत चालतात. एकाच दिवशी कुणाची बाग पोंग्यात (डोळे नुकते फुटताना) असते, कुणाची फुलोऱ्यात, कुणाचे मणी सेट झालेले. पोंग्यातल्या बागेचा सल्ला फुलोऱ्यातल्या बागेला लावून कसं चालेल? हवामान विभागाचा मंगळवार-शुक्रवारचा जिल्ह्याचा कृषी सल्ला मी नीट वाचते, पण त्यातलं या एका माणसाला आज लागणारं वाक्य काढून त्या इवल्याशा पडद्यावर कसं बसवायचं? आणि ज्यांचे दोन प्लॉट, दोन छाटण्या आहेत, त्यांचं काय?

तारायंत्र
ताई, तुमचा निरोप मोजून पाहिला. बरोबर ७१ जागा भरतात. मर्यादा ७० ची. एका जागेने घात झाला.

हिशोब असा: एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट, म्हणून ७०. निरोप त्यापुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि दर तुकड्यातले ६ बाइट जोडणीच्या खुणेला जातात. उरतात १३४, म्हणजे ६७ चिन्हं. तुमच्या निरोपातलं ६७ वं चिन्ह म्हणजे «करू» मधला ऊकार. नव्या फोनवर तुकडे परत जुळतात, काकांच्या फोनला ते जमलं नसणार.

मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडलेला, प्रत्येकाची वेगळी जागा धरायची. «द्राक्ष» डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण जागा सात खातं. तुमच्या नमस्कारापासून स्वल्पविरामानंतरच्या मोकळ्या जागेपर्यंत २४ जागा गेल्या. आणि «ॲ» टाळा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टवर तिथे चौकोन दिसतो.

आणखी एक. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनंतर असे निरोप पाठवायला मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, आधी नोंदवावा लागतो. बदलत्या जागा सोडून बाकीचं अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. तुमच्या कामात याचा फायदाच आहे. «थांबा» चा साचा वेगळा आणि «फवारा» चा वेगळा नोंदवा, म्हणजे घाईत उलटसुलट जाणार नाही.

जुना_वॅपवाला
मी २००१ च्या सुमारास पुण्यात वॅपची, म्हणजे जुन्या मोबाइलवरच्या इंटरनेटची, पानं बनवत होतो. १९९९ चा नोकिया ७११० आमच्या टेबलावर असायचा. पडदा ९६ बाय ६५ ठिपक्यांचा, आणि एका वेळी पाठवायचा सगळा ऐवज सुमारे १४०० बाइटच्या आत. तेव्हा अनेकांनी वेबसाइटची पानंच आकसून त्यात कोंबली. कुणी वाचली नाहीत. जपानमध्ये १९९९ सालीच सुरू झालेल्या आय-मोड या मोबाइल इंटरनेट सेवेत दुव्यांना फोनचे आकडे जोडता येत, १ दाबलं की हवामान, २ दाबलं की गाडीची वेळ. हाताशी जे बटण आहे त्याच्यापासून त्यांनी विचार सुरू केला होता.

फोनला निवड करता येत नसेल तर ती पाठवणाऱ्याने करायची. आमच्या सर्व्हरला विनंतीसोबत फोनचं मॉडेल कळायचं, त्याप्रमाणे पान निघायचं. तुमच्याकडे ते काम यादी करेल. नावापुढे चार रकाने ठेवा: गाव, छाटणीची तारीख, देवनागरी दिसते का, लांब निरोप जुळतो का. शेवटचे दोन विचारून भरू नका, प्रत्येकाला एक चाचणी निरोप पाठवून त्याच्या फोनवर काय दिसतं ते बघून भरा. २०१६ च्या भारतीय मानकात फोनवर २२ भाषा वाचता याव्यात असं ठरलं, पण तुमच्या काकांचा फोन त्याआधीचा असू शकतो.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ मराठी वाक्यात आहे. आपला नकार शेवटी येतो. «करू नका», «जाऊ नका», «घेऊ नये». शेपूट तुटलं की अर्थ उलटा. निरोपांच्या यादीत तर पहिले दोनतीन शब्दच दिसतात. नकार एका शब्दात आणि सुरुवातीला आणा.

बागेतली_लेक
«नकार शेवटी येतो» हे वाचून बराच वेळ गप्प बसले. इतकी वर्षं बोलतेय ही भाषा, कधी लक्षातच आलं नाही. आता हे केलंय:

«थांबा. आज फवारणी टाळा. दुपारनंतर पाऊस. छाटणी दिवस ४२. डाऊनी पाहा.»

६५ जागा. डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. दिवसाचा आकडा प्रत्येकाच्या छाटणीच्या तारखेवरून आपोआप पडतो. नमस्कार काढताना जिवावर आलं, मोठ्या माणसांना असं तोडून लिहायची सवय नाही.

माळावरचा
ताई, मी तासगाव तालुक्यातला. माझ्याकडेही कीपॅडच आहे, नातवाकडून टाइप करून घेतोय. नमस्कार नसला तरी राग येत नाही. पाठवणारं घरचं आहे हे ठाऊक असतं.

पण «आज» लिहू नका. कधी रेंज नसते, कधी जाहिरातींनी फोन भरलेला असतो आणि जुनं पुसल्याशिवाय नवं येत नाही. सोमवारचा निरोप मी मंगळवारी उघडला तर आज म्हणजे कुठला दिवस? वार लिहा. आणि निरोप आदल्या संध्याकाळी पाठवा. पहाटे साडेपाचला कळून उपयोग काय, औषधाचं दुकान तेव्हा बंद, टाकी रात्रीच भरलेली.

दोन प्लॉटचं सोपं आहे. आम्ही घरात «विहिरीचा» आणि «माळाचा» म्हणतो. तुमच्या माणसांना विचारा ते काय म्हणतात, तेच नाव टाका. «छाटणी दिवस» लिहायची गरज नाही. विहिरीपुढे ४२ दिसलं की द्राक्षवाल्याला कळतं ४२ कशाचे.

बागेतली_लेक
काका, हे मला दहा बैठकांत सुचलं नसतं. आता असं झालंय:

«थांबा. मंगळ फवारणी टाळा. दुपारनंतर पाऊस. विहीर ४२, माळ २८. डाऊनी पाहा.»

बरोबर ७०!

तारायंत्र
ताई, थांबा. «शुक्र» ला पाच जागा लागतात, «मंगळ» ला चार. शुक्रवारी ७१ होतील आणि तुमच्या काकांच्या फोनवर पुन्हा तेच. शेवटचा पूर्णविराम काढा. शिवाय हा साचा दोन आकडी दिवसांपुरताच धरा. छाटणीला शंभर दिवस झाले की दर प्लॉटमागे एक जागा वाढेल. साचा मोजताना बदलत्या जागेत नेहमी सगळ्यात लांब शब्द घालून मोजायचं. कुणाच्या प्लॉटचं नाव «ओढ्याकाठचा» असेल तर तोही आधीच मोजून ठेवा.

बागेतली_लेक
पूर्णविराम काढला. मंगळवारी ६९, शुक्रवारी ७०. शंभर दिवसांपुढच्या बागांचा साचा वेगळा करतेय, तेव्हा सल्लाही वेगळाच असतो.

आज संध्याकाळी तीन फोनवर पाठवून पाहिलं. आमच्या बाबांचा, शेजारच्या आजींचा आणि त्या काकांचा. तिन्हीकडे एकाच तुकड्यात गेलं. काकांच्या फोनवर यादीत «थांबा. मंगळ» एवढं दिसत होतं. त्यांनी निरोप उघडून मोठ्याने वाचला आणि विचारलं, «माळावर २८ झाले का गं? मी २७ धरून चाललो होतो.» आम्ही दोघांनी त्यांची वही काढून बघितली. २८ च होते.

उद्यापासून घरोघर फिरून प्लॉटची नावं लिहून घेतेय. चार जणांच्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन येतात. त्यांना इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी सातच्या आत मी स्वतः फोन लावणार.