पॉइंटवर शंटर थांबतं आणि दुपारी शॉर्ट येतो

होटगी_लूप:
एचओ मापाची मॉडेल रेल्वे, रुळांतलं अंतर 16.5 मिमी, साधा 12 व्होल्ट डीसी कंट्रोलर. प्लायवरचा लेआउट, गच्चीखालच्या खोलीत. सहा पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारे सांधे), सगळे लाइव्ह फ्रॉगचे (फ्रॉग म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग; इथे त्यातही करंट असतो), दोन कॉइलच्या मोटारीवर.

3 नंबरवर सहा चाकी शंटर (यार्डातलं छोटं इंजिन) पात्या (पॉइंटचे सरकणारे रूळ) ओलांडली की बंद पडतं; लांब डिझेल जातं. लूपमध्ये (मेन लाइनच्या बाजूच्या मार्गात) दुपारी शॉर्ट, सकाळी काही नाही. 5 आणि 6 च्या पात्या अर्ध्यात राहतात, मोटार नुसती 'टक' करते. रूळ पुसून झालेत. कुठून सुरू करू?

सांधेवाला:
मालक, हे तीन रोग वेगळे आहेत, एका औषधानं जाणार नाहीत.

शंटरचं आधी. तुमच्या फ्रॉगला (रेल्वेवाल्यांच्या भाषेत क्रॉसिंग) करंट मिळतो तो फक्त पाती बाजूच्या रुळाला टेकते तिथून. तिथे मळ बसला की पात्या आणि क्रॉसिंग दोन्ही मेले. डिझेलची दुसरी बोगी बाहेर असते म्हणून ते निभावतं. मल्टिमीटरच्या बीपवर जाऊ नका, खराब टेकणीवरही तो बीप देतो. गाडीचा 12 व्होल्ट 10 वॅटचा दिवा क्रॉसिंग आणि समोरच्या ध्रुवाचा बाहेरचा रूळ यांत लावा, कंट्रोलर पूर्ण. काडीनं पाती दाबल्यावर दिवा उजळला तर दोष तिथेच.

व्हिजिटिंग कार्डाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पाती आणि रुळात धरा, पॉइंट दाबून ओढा. काळं यायचं थांबेपर्यंत. सँडपेपर नको, ओरखड्यांत मळ लवकर बसतो. तेलही नको. सोलापूरच्या पूर्व भागात घर असेल तर यंत्रमागाची रुई त्या तेलात अडकून लगदा होतो.

हे तात्पुरतं. कायमचा इलाज म्हणजे क्रॉसिंगला पॉइंटसोबत फिरणाऱ्या वेगळ्या स्विचमधून करंट देणं.

कुर्डुवाडी_यार्ड:
सहमत, पण स्विच जोडण्याआधी पॉइंट उलटा करून बघा. पात्या आणि क्रॉसिंग जोडणाऱ्या बारीक तारा असतील तर कापा, नसतील तर रूळच कापून तिथे फट करा. मग प्रत्येक पाती तिच्या शेजारच्या रुळाला लवचिक तारेनं सोल्डर करा. हे न करता स्विच लावला तर स्विच आणि पाती एकाच क्षणी बदलत नाहीत, आणि प्रत्येक वेळी क्षणभर शॉर्ट होतो. फायदा आणखी एक: चाकाची पाठ उघड्या पातीला घासली तरी दोन्हीकडे एकच ध्रुव, म्हणून शॉर्ट नाही.

स्विच तीन टोकांचा: मधलं क्रॉसिंगला, बाकी दोन दोन रुळांना. क्रॉसिंगवर इंजिन चढताच शॉर्ट आला तर बाहेरच्या दोन तारा अदलाबदल करा.

दुपारचा शॉर्ट म्हणजे क्रॉसिंगच्या नाकाकडून (टोकाकडून) निघणाऱ्या दोन रुळांतली गॅप (करंट तोडणारी फट) मिटते. निकेल सिल्व्हरचा मीटरभर रूळ 20 अंश वाढीत साधारण 0.33 मिमी लांबतो, आणि करवतीची गॅप बऱ्याचदा तेवढीच असते. आपला मे तर चाळिशी ओलांडतो, कोरड्या हवेत प्लायही आकसतो. इंजिनं उचला, कंट्रोलरच्या तारा काढा, पॉइंट मेन लाइनवर लावा आणि लूपच्या आतल्या रुळाच्या गॅपच्या दोन्ही बाजूंना दुपारीच मल्टिमीटर लावा. बीप आला तर सापडली. पॉइंट लूपवर ठेवून मोजू नका, तेव्हा गॅप चांगली असली तरी बीप येणारच. कटिंग डिस्कनं गॅप 0.8 मिमी करा, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा (0.76 मिमी) फेविक्विकनं बसवा, कानसीनं रुळाच्या आकाराला आणा.

होटगी_लूप:
5 आणि 6 ला टेलिफोनची तार आहे, कंट्रोलपासून तीन मीटर. पुरवठा 16 व्होल्ट एसी.

सांधेवाला:
मग कारण तारेतच. कॉइल साधारण 4 ओहमची, जाता-येता सहा मीटर पातळ तार एक ओहमच्या घरात. पाचवा हिस्सा व्होल्टेज तारेतच गेलं. 1 चौरस मिमीची तार घाला.

त्यावर कपॅसिटरचं युनिट करा: ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), 100 ओहम 10 वॅट रेझिस्टर, 4700 मायक्रोफॅरड 35 व्होल्ट कपॅसिटर. 25 चा घेऊ नका, 16 एसीचे डीसीला 21 च्या आसपास होतात. दोन सेकंदांत भरतं आणि एकदम झटका देतं. बटण अडकलं तरी रेझिस्टर करंट 0.2 अँपिअरवर धरतो, कॉइल जळत नाही. मात्र बटण दाबून सोडायचंच हवं. टॉगल (दाबल्या बाजूला तसाच राहणारा स्विच) लावलात तर कपॅसिटर भरणारच नाही, पुढचा पॉइंट हलणार नाही.

आधी पात्या बोटानं हलवून बघा. खाली खडी अडकली असेल तर कितीही व्होल्ट द्या, फरक पडायचा नाही.